मागे रेंगाळणारा उजेड

दिवाळीच्या रात्री अंगणात एखादे पोर फुलबाजी गरगर फिरवू लागले की अंधारात उजेडाचे अखंड कडे उभे राहते. वास्तविक फुलबाजीचे टोक एका क्षणी एकाच जागी असते. कडे असे कोठेच नसते. तरी ते आपण सारेच पाहतो, आणि 'बाळ, हे कडे खोटे आहे' असे पोराला सांगावयास जावे तर ते आणखी जोराने हात फिरवते.

हे कडे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. त्यांनी त्याला 'अलातचक्र' असे नाव दिले. अलात म्हणजे कोलीत. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेतील चौथ्या प्रकरणाचे नावच मुळी 'अलातशांति' असे आहे. कोलीत फिरले की वाकड्या, सरळ, वाटोळ्या आकृती दिसतात. ते थांबले म्हणजे त्या आकृती गेल्या कोठे, असा प्रश्न तेथे केला आहे. आचार्यांना त्यावरून जगाच्या खरेखोटेपणाचा निर्णय करावयाचा होता. माझी झेप तेवढी नाही. या कड्याचा इहलोकीचा इतिहास काय, आणि आज घरोघर भिंतीवर टांगलेल्या नि खिशात घालून फिरवलेल्या पडद्यांशी त्याचे नाते काय, एवढेच मला या फराळाच्या दिवसांत आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

युरोपात या कड्याला प्रथम घड्याळ लावले ते दार्सी नावाच्या विद्वानाने, १७६५ साली. त्याने जळता निखारा यंत्रावर फिरवला आणि किती वेगाने फिरवला असता कडे कोठेही न तुटता पुरे होते ते मोजले. उत्तर आले सेकंदाचा सुमारे आठवा हिस्सा. म्हणजे डोळ्यांपुढून उजेड निघून गेल्यावरही तेवढा वेळ तो डोळ्यांत रेंगाळतो. पुढे १८३२ साली बेल्जममधल्या प्लातोने एका चकतीवर क्रमाक्रमाने बदलणारी चित्रे काढली, फटींतून ती फिरताना आरशात पाहिली, आणि चित्रातला मनुष्य नाचू लागला! परंतु केवळ उजेडाच्या रेंगाळण्याने नाच दिसत नाही. दोन स्थिर चित्रांमधला सांधा मेंदू आपणहून जोडतो, ही गोष्ट माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रयोगांनी दाखवून दिली.

आणि १९१२ हे साल म्हटले की मराठी वाचकाला दुसऱ्याच एका गृहस्थाची आठवण होणार. याच वर्षी दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन मुंबईस परतले. पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसागणिक थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर तो अंकुर काही क्षणांत मातीतून डोके वर काढून, वेल होऊन चढू लागला. ज्या गोष्टीला निसर्ग कित्येक दिवस घेतो ती मिनिटात दिसली! मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

फाळक्यांच्या आधीही हा भास आपल्याकडे अगदीच परका नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून आपल्या मुलांसह 'शांबरिक खरोलिका' या नावाने दीपचित्रांचे खेळ सुरू केले होते. शंबरासुराची माया पुराणात प्रसिद्ध आहे. त्यावरून हे भारदस्त नाव. हाताने रंगवलेल्या काचा दिव्यापुढे अशा झपाट्याने बदलीत की पडद्यावरच्या आकृती हालल्याचा भास होई. जोडीला निवेदन असे, गाणी असत. ल्युमिएर बंधूंची चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झळकली; म्हणजे कल्याणकरांनी चार वर्षे आधीच प्रेक्षकांच्या डोळ्यांना या मायेची सवय लावली होती.

आणि आमचे कोल्हापूर! तेथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामे भावांनी परदेशी कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो आपल्या हातांनीच घडवावयाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी ते काम शिष्य दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली तडीस नेले, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. भित्तिचित्रे नि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कारागिरांनी ही किमया केली, याचे मला अजून नवल वाटते. यंत्रातले चक्र किती फिरले की चित्र एका घराने सरकले पाहिजे, आणि सरकताना उजेड अडवला पाहिजे, हे त्यांनी नुसते वाचले नव्हते. कानशीने घासून, बसवून पाहिले होते.

उजेड अडवला पाहिजे, हे वाक्य जरा सांभाळून ठेवा. सारी गोम तेथे आहे.

मी बत्तीस शिराळ्याचा. आमचा तालुका त्या काळी नुकताच दक्षिण साताऱ्यातून सांगली जिल्ह्यात, म्हणजे नव्या नावात, आला होता. कारण १९६० साली जिल्ह्याचेच नाव बदलले. यात्रेच्या दिवसांत माळावर तंबूतला सिनेमा येई. गर्दी झाली की काही मंडळी पडद्याच्या मागल्या अंगाला बसत. त्यांना नायक डावखुरा दिसे आणि पाट्यांवरची अक्षरे उलटी. त्यांची तक्रार नसे. मी मात्र यंत्राच्या बाजूला घोटाळत असे. यंत्राच्या तोंडाशी एक पाते फिरे. चित्र क्षणभर स्थिर उभे राही, पाते आड येऊन अंधार करी, त्या अंधारात पुढचे चित्र सरके, पाते बाजूला होई. बोलपटाची चित्रे सेकंदाला चोवीस. पण चोवीसच वेळा उजेड पडला तर पडदा डोळ्यांना टोचेल असा लुकलुकतो. म्हणून प्रत्येक चित्र पात्याने मध्ये एकदा झाकून दोनदा दाखवीत. उजेडाचे झोत सेकंदाला अठ्ठेचाळीस. म्हणजे तीन तासांच्या खेळात कितीतरी वेळ आपण निव्वळ अंधारात बसलेले असतो, आणि तिकिटाचे पैसे त्या अंधाराचेही दिलेले असतात!

हा अंधार फुकट जात नव्हता. तो का उपयोगी, हे समजण्यासाठी आमच्या गावच्या नागपंचमीकडे यावे लागेल.

शिराळ्याची नागपंचमी वाचकांनी ऐकली असेलच. जिवंत नाग पकडून, मडक्यांतून जपून आणून, अंबामातेच्या देवळात नेऊन त्यांची पूजा नि मिरवणूक होई. नाग फणा काढून उभा राहिला की समोर हात किंवा भांडे हालवीत, आणि ते जिकडे जाई तिकडे फणा झुके. नागाला पुंगीचे संगीत कळते हा आपला समज. तो हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून असतो. गंमत अशी की पाहणारे आपणही त्या वेळी तेच करीत असतो. फणा डावीकडून उजवीकडे जातो आणि आपली बुबुळे त्याच्याबरोबर सावकाश सरकतात. म्हणून फण्यावरचा दहाचा आकडा डुलतानाही स्वच्छ दिसतो. डोळा आणि फणा बरोबरीने चालले म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ती प्रतिमा जागची हलत नाही.

आता हाच फणा आजच्या सपाट पडद्यावर दाखवला असे समजू. पडद्याची रुंदी १,९२० ठिपके आणि फण्याला ती ओलांडावयास दोन सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. पडदा सेकंदाला साठ चित्रे दाखवतो. तेव्हा प्रत्येक चित्रात फणा सोळा ठिपके पुढे उडी मारतो. परंतु दोन उड्यांमधल्या वेळात तो एका जागी खिळलेला असतो, आणि उजेड चालूच असतो. आपला डोळा मात्र उड्या मारीत नाही. तो सरळ वाहत जातो. खिळलेल्या चित्रावरून वाहणारा डोळा गेला की ते चित्र डोळ्यात सोळा ठिपके फरफटते. दहाचा आकडा पुसट होतो. चित्रात दोष नाही, पडद्याच्या ठिपक्यांत दोष नाही. उजेड अडवला नाही हा दोष! अर्धा वेळ जर मध्ये अंधार केला तर फरफट सोळावरून आठ ठिपक्यांवर येते. तंबूतले ते पाते अजाणता हेही काम करीत होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन आले, त्याच्या काचेच्या पेटीतही हीच सोय आपसूक होती. विजेच्या झोताने पडद्यावरचा एकेक ठिपका क्षणमात्र चमके आणि विझे. त्याची पाळी पुन्हा येईपर्यंत बहुतेक काळ अंधारच.

मग हे सतत तेवणारे सपाट पडदे आले कोठून? त्यांच्या पोटात द्रव-स्फटिक असतात. १८८८ साली प्राग येथे रायनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरापासून मिळवलेल्या एका पदार्थावर काम करीत होता. तो पदार्थ दोनदा वितळला! १४५ अंशांवर घन पदार्थाचा गढूळ द्रव झाला, आणि १७८ अंशांच्या पुढे तो गढूळ द्रव निर्मळ झाला. मधल्या अवस्थेत तो पाण्यासारखा वाहतो आणि तरी स्फटिकाप्रमाणे त्याच्या रेणूंची रांग लागलेली असते. विजेच्या दाबाने ही रांग वळवता येते आणि त्यायोगे आरपार जाणारा उजेड कमीजास्त करता येतो. अमेरिकेतल्या हाइलमायरने १९६८ साली असा पडदा जगापुढे ठेवला; पाचच वर्षांत तो खिशातल्या गणनयंत्रावर आला.

या शास्त्रात आपल्या माणसाचेही मोठे नाव आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर. १९५१ साली तेथून एम. एस्सी. होऊन ते बंगळूरला आपले मामा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या संस्थेत गेले. तोवर समज असा होता की लांबट, काडीसारखे रेणूच असे द्रव-स्फटिक बनवतात. १९७७ साली चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी दाखवले की चकतीसारखे चपटे रेणूही एकावर एक रचून तीच अवस्था धारण करतात. पुढे अशाच चकत्यांच्या पातळ पापुद्र्यांनी सपाट पडदे बाजूने पाहतानाही नीट दिसू लागले. घरातल्या सर्वांना एका रांगेत बसून एकच पडदा बघता येतो, त्यात या शोधाचा वाटा आहे.

तर हे रेणू वळतात. पण वळावयाला वेळ घेतात. आज्ञा मिळताच टाचेवर गर्रकन फिरणारे ते शिपाई नव्हेत, काकवीत रुतलेल्या काड्या होत. थंडी पडली की आणखी मंद. पहिल्या पहिल्या मांडीवरच्या संगणकांत हा मंदपणा इतका असे की पडद्यावरचा बाण जरा जोरात हलवला तर तो दिसेनासाच व्हावा. नव्या जागी उमटण्यापूर्वीच तो पुढे निघालेला असे. म्हणून १९९२ च्या सुमारास बाणामागे मुद्दाम बाणांची शेपटी काढण्याची सोय संगणकात ठेवावी लागली. म्हणजे हलत्या चित्राची खोड दोन प्रकारची: एक, ठिपका मंदपणे वळतो म्हणून मागे सावली रेंगाळते, दुसरी, ठिपका कितीही चपळ असो, उजेड अडवला जात नाही म्हणून डोळ्यातच फरफट होते. पुष्कळजण या दोहोंची गल्लत करतात.

आता गोष्टीला खरे वळण लागते. ज्या खोडी घालवण्यासाठी शास्त्रज्ञांनी आयुष्ये वेचली, त्याच खोडी आज काही मंडळी मुद्दाम, गणित करून, नव्या चांगल्या पडद्यांवर उमटवीत आहेत! त्यांना वेड लागले आहे काय?

मुळीच नाही. १९८९ साली जपानातल्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' नावाचे हातात धरून खेळण्याचे यंत्र काढले. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी ते, किंवा त्याची नक्कल, पाहिली असेल. पडदा केवढा? आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके. रंग चार छटांचे, तेही हिरवटसर. हा पडदा फार मंद. खेळ रचणाऱ्या हुशार लोकांनी त्या मंदपणाचाच उपयोग केला. सावली किंवा धूर असे काही आरपार दिसणारे दाखवावयाचे तर यंत्रात सोय नव्हती. मग त्यांनी ती आकृती एका चित्रात दाखवली, दुसऱ्यात गाळली, तिसऱ्यात पुन्हा दाखवली. ठिपका पुरता काळा होण्याआधीच त्याला परत फिरण्याची आज्ञा मिळे, आणि तो मधल्या मध्ये करडा होऊन राही. झाला धूर!

हेच खेळ आजच्या चपळ पडद्यावर जसेच्या तसे लावले तर धूर नाहीसा होतो आणि तेथे डोळ्यांना त्रास देणारी उघडझाप दिसते. खेळ तोच, आज्ञा त्याच, चित्र मात्र निराळे. म्हणून मंद पडद्याचे सोंग वठवावे लागते. त्याचे गणित मुलांनाही समजेल असे आहे. पांढरा म्हणजे शून्य आणि काळा म्हणजे शंभर धरा. ठिपका प्रत्येक चित्रात उरलेल्या वाटेच्या निम्मीच वाट चालतो असे माना. शंभराला निघालेला ठिपका पहिल्या चित्रात ५० वर पोचतो, दुसऱ्यात ७५, तिसऱ्यात ८७, चौथ्यात ९४. पण एकाआड एक चित्रात त्याला परत बोलावले तर? थोड्याच वेळात तो ६७ आणि ३३ यांच्यामध्ये झोके घेऊ लागतो. ठिपका आणखी सुस्त, केवळ पाव वाट चालणारा, घेतला तर झोके ५७ आणि ४३ यांच्यामध्ये येतात. जितका मंद तितका करडा रंग स्थिर. संगणक दर चित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी एवढीच बेरीज-वजाबाकी करतो आणि जुना पडदा नव्या पडद्यावर पुन्हा नांदू लागतो.

दुसऱ्या खोडीचे, म्हणजे डोळ्यातल्या फरफटीचे, सोंग याहून कौतुकाचे. ती पडद्यावर नसतेच, पाहणाराच्या डोळ्यात असते. मग तिचे छायाचित्र कसे घ्यावे? कॅमेरा रुळावर बसवून हलत्या आकृतीच्या बरोबरीने, तिच्याच वेगाने सरकवतात. कॅमेरा डोळ्याची भूमिका करतो आणि फरफट कागदावर येते. तिचे गणित असे: एका चित्राच्या अवधीत डोळा जेवढा सरकला तेवढ्या अंतरावर ते चित्र सारखे पसरून टाकावयाचे. फण्याच्या उदाहरणात सोळा ठिपके.

हा सारा खटाटोप खेळापुरता असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. त्याचे मोल निराळे आहे. 'सैरंध्री' आज आपल्याला पाहावयास मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्रा'चे मोजकेच तुकडे उरले. फाळक्यांच्या कन्या मंदाकिनी यांनी कृष्ण झालेला, १९१९ सालचा 'कालियामर्दन' त्या मानाने पुष्कळ शिल्लक आहे. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवीत. वेग चोवीसाहून कमी. बोलपटाच्या यंत्रावर ते चोवीसाच्या वेगाने फिरवले की सारी माणसे लगबगीने धावू लागतात, आणि नवी पिढी हसून म्हणते, 'जुने लोक असेच काम करीत!' ते तसे काम करीत नव्हते. आपण त्यांना तसे करावयास लावले. चित्राची पट्टी जपली, पण ती कोणत्या वेगाने, कोणत्या यंत्रावर पाहिली हे जपले नाही, तर कलावंतावर असा अन्याय होतो.

हे आमच्या गावाच्या अंगाशी आले आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीच झाला होता. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांच्या मिरवणुकीला आवर बसला. नागाचे हाल होऊ नयेत हे योग्यच. त्याविषयी मला भांडावयाचे नाही. परंतु याचा अर्थ असा की जुनी नागपंचमी पाहिलेली आमची पिढी सरल्यावर ती पडद्यावरच उरणार. माझ्या एका परिचितांच्या घरी जुन्या व्हिडिओ कॅसेटवर अशी एक पंचमी आहे. कोठल्याशा दुकानातून तिची नवी प्रत करून आणली, तर डुलणाऱ्या फण्याच्या कडांना फणीसारखे दाते फुटले होते आणि आकडा पुसलेला होता. घरची मुले विचारू लागली, 'आजोबा, नाग असा तुटक डुलतो का?'

नाग तसा डुलत नाही. आपल्याकडच्या कॅसेटवर सेकंदाला पन्नास अर्धचित्रे असतात. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन अर्धचित्रे वेगवेगळ्या क्षणांची. नकलणाऱ्याने ती जोडून पंचवीस पूर्ण चित्रे केली, म्हणून दाते आले. कित्येक ठिकाणी तर एक अर्धचित्र टाकूनच देतात. मग निम्मे डुलणे कायमचे जाते. त्यावर सपाट पडद्याची फरफट चढली. म्हणजे तीन दोष एकावर एक: नकलेचा, ठिपक्याचा, डोळ्याचा. कोणता कोणाचा, हे ओळखावे कसे? येथे ते दोष मुद्दाम निर्माण करणारे गणित कामास येते. प्रत्येक दोष वेगळा वठवून पाहिला की त्याची खूण पटते. दाते नकलेचे, ती पुन्हा, पन्नासही क्षण राखून करता येते. फरफट पडद्याची; ती मूळ चित्राला चिकटलेली नाही, चांगल्या पडद्यावर जाईल. आणि कॅमेऱ्याचे झाकण उघडे असताना फणा हलला म्हणून जो पुसटपणा खुद्द चित्रात बसला आहे, तो मात्र मूळचाच. त्याला हात लावू नये.

घरात जुन्या कॅसेटी असतील तर, वाचकहो, एवढे करा. त्यांची प्रत करवून घेताना पन्नास अर्धचित्रे राखावयास सांगा. मूळ कॅसेट टाकू नका. आणि ती कोणत्या साली, कोणत्या यंत्राने घेतली आणि घरात कोणत्या पेटीवर पाहात होता, ते एका चिठ्ठीवर लिहून तिच्या डबीत ठेवा. पटवर्धनांच्या काचा, पेंटरांचा कॅमेरा, फाळक्यांचा अंकुर यांच्यामागे जी चिकाटी होती तिच्या मानाने हे काम थोडेच आहे.

आमच्या परिचितांनी ती कॅसेट दुसऱ्यांदा नकलून घेतली. या वेळी फणा सलग डुलला, आणि जरा निरखून पाहिले तर त्यावरचा दहाचा आकडाही वाचता आला.